तीन डोक्यांचा भाडेकरू आणि एक तिवई

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे, आणि मी कुरकुरते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर कुणी म्हणायला नको की हिने लपवून ठेवलं. शिवाय माझ्या या कुरकुरीपायी एकदा एका बापाचा जीव टांगणीला लागला होता. ती हकिगत सांगायची तर सुरुवात माझ्या तिसऱ्या पायापासून करावी लागेल.

मला ज्या सुताराने घडवलं तो हाताचा चांगला, पण भारी काटकसरी होता. एका मोडक्या दरवाजाच्या लाकडातून त्याने माझी बैठक आणि दोन पाय काढले. तिसऱ्या पायाला लाकूड पुरेना. मग त्याने कोपऱ्यात पडलेला पलंगाचा एक तुकडा तासला आणि दिला ठोकून. दरवाजाचं लाकूड आणि पलंगाचं लाकूड यांचं काही जमलं नाही. हवा बदलली की एक फुगायचं आणि दुसरं आक्रसायचं. त्यामुळे तिसरा पाय आपल्या खोबणीत कायमचा जरासा सैल राहिला.

पण माझी कुरकुर ऊठसूट नसते हं! बसणारा गप्प बसला तर मीही गप्प. तो वळला, वाकला, उठला, तरी मी हूं की चूं करत नाही. मात्र बसल्या बसल्या त्याचं पोट हसण्याने हललं, की तो पाय खोबणीत घासतो आणि माझ्या तोंडून निघतं, कुर्र. खदाखदा हसलात तर कुर्र-कुर्र-कुर्र. हसू दाबून धरलंत तरी कुर्र होतंच.

सुताराने मला एका पुस्तकांच्या दुकानात दिलं. दुकान अरुंद, दोन्ही भिंतींना छतापर्यंत पुस्तकं, मधे आडोशासारखी पुस्तकांचीच एक फळी, पुढे घंटा लावलेलं काचेचं दार आणि मागे गठ्ठे ठेवायची अंधारी खोली. माझ्यावर चढून वरच्या फळ्यांवरची पुस्तकं काढायची, एवढंच माझं काम. किती जणांनी बुटासकट माझ्या पाठीवर पाय दिले असतील, सांगता सोय नाही. मग एक दिवस लोखंडी शिडी आली. चकचकीत, चाकांची. माझी रवानगी दारामागे, झाडू आणि बादलीच्या शेजारी झाली. तिथे मी धूळ खात पडले. वाईट वाटलं. का नाही वाटणार?

मला तिथून बाहेर काढलं ते एका चिमुरड्याने. आई पुस्तकं बघत होती, म्हणून तो मला ओढून माझ्यावर बसला आणि एका विसरभोळ्या चेटकिणीची गोष्ट वाचू लागला. थोड्या वेळाने मी कुरकुरले. गल्ल्यावर बसलेल्या मालकीणबाईंनी मान वर केली. त्यांना सगळे मावशी म्हणतात. मी पुन्हा कुरकुरले. मावशींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग त्या पोराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्या दिवशी दुकान बंद करताना त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसलं आणि मुलांच्या पुस्तकांजवळ नेऊन ठेवलं.

तेव्हापासून दुकानात एक रीत पडली. हसवणारं जादूचं पुस्तक हवं असेल, तर मुलाने माझ्यावर बसायचं, मधलंच एखादं पान उघडायचं आणि वाचायचं. मावशी पाठ करून उभ्या राहणार. "समोर टक लावून 'आवडलं का?' विचारलं की पोरं हो म्हणतात," असं त्या स्वतःशीच पुटपुटायच्या. "हो म्हणायला काय जातंय!" त्या फक्त कान माझ्याकडे ठेवायच्या. मी कुरकुरले की पुस्तक पक्कं. मोठ्यांना हे गुपित त्या कधीच सांगत नसत. मोठ्यांना सांगितलं तर ते वाकून माझा पायच बघत बसतील, असं त्यांचं म्हणणं. मुलांना मात्र ते कुणी न सांगताच ठाऊक होतं.

अशा त्या दुकानात एक लिफ्ट दुरुस्त करणारा येऊ लागला.

त्याच्या खांद्याला हत्यारांची पिशवी असायची आणि चेहऱ्यावर कायम चोरट्यासारखा भाव. त्याची मुलगी आईबरोबर दुसऱ्या घरी राहत होती. नवराबायकोचं पटलं नव्हतं. महिन्यातून एक दुपार बापलेकींनी या दुकानात भेटायचं, असं मोठ्यांनी बसून ठरवलं होतं. मुलीचा मामा तिला स्कूटरवरून आणायचा आणि समोरच्या फुटपाथवर हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहायचा. पूर्वी तो या माणसाला भाऊजी म्हणायचा. आता काहीच म्हणत नसे. नुसत्या 'अहो'वर काम भागवायचा.

मुलीला मी ओळखत होते. लहान असताना ती आईचं बोट धरून यायची आणि माझ्यावर बसून मला अगदी बेजार करायची, इतकी हसायची. गालात बिस्किट साठवून ठेवायची म्हणून बाप तिला खारू म्हणायचा. आता ती अकरा वर्षांची झाली होती. उंच झाली होती, ओठ मिटून बोलायची आणि समोर न बघता बोलायची.

पहिल्या भेटीला बापाने तिच्यासाठी एक पुस्तक निवडून ठेवलं होतं. कापडी पानांचं. राक्षसाचं पोट दाबलं की आतून 'भॉक' असा आवाज यायचा. तीन वर्षांच्या पोराचं पुस्तक हो ते! तिने पोट दाबलं. भॉक झालं. "छान आहे," ती म्हणाली आणि पुस्तक मांडीवरून खाली ठेवलं. त्या बापाच्या मनात ती अजून बिस्किटवालीच होती, त्याला बिचाऱ्याला काय कळणार?

दुसऱ्या भेटीला त्याने मुखपृष्ठ बघून पुस्तक उचललं. छत्री घेतलेलं ड्रॅगनचं गुबगुबीत पिल्लू. बघूनच हसू यावं असं. पण आत काय होतं ते त्याने पाहिलंच नव्हतं. मी पाहिलं, ती माझ्यावर बसून वाचत होती ना! पिल्लाची आई एका डोंगरावर राहायची आणि बाबा दुसऱ्या डोंगरावर. पिल्लू इकडून तिकडे उडून उडून दमून जायचं. मुलीचं अंग एकदम ताठ झालं. तिने दोनच पानं वाचली, पुस्तक मिटलं आणि जिथून आलं होतं तिथे नीट लावून ठेवलं. "छान आहे," ती पुन्हा म्हणाली. मला तर रडूच कोसळलं असतं, पण लाकडाला ती सोय नाही.

त्या दिवशी मामा आत आला. "अहो, एक बोलायचं होतं," तो म्हणाला. "ताई म्हणते, पोरीवर जबरदस्ती नको. पुढच्या भेटीनंतर आपण तिलाच विचारू. हो म्हणाली तर मी आणत जाईन, माझी काही ना नाही. पण नाही म्हणाली, तर तुम्हीही मागे लागू नका."

"नाही लागणार," बाप म्हणाला. एवढंच. पण त्याचा हात हत्यारांच्या पिशवीचा पट्टा नुसता पिळत होता.

दुसऱ्याच संध्याकाळी तो एकटा आला आणि मटकन माझ्यावर बसला. "मावशी, मला यातलं काही कळत नाही. तुम्हीच सांगा, हसवणारं पुस्तक ओळखायचं कसं? मला शेवटची संधी आहे."

मावशींनी त्याला चहा दिला आणि शिकवणीच घेतली. "एक तर मुखपृष्ठाला भुलू नका. पहिल्या पानालाही नाही, पहिलं पान सगळेच जीव ओतून लिहितात. मधलं उघडायचं. दुसरं म्हणजे, जादूत कटकट हवी. ज्या जादूगाराला सगळंच जमतं, त्याला हसणार कोण? आणि ज्याला सगळे हसतात ना, तो शेवटी जिंकायला हवा. नाहीतर ती गंमत नाही, चेष्टा झाली. ते मुलांना बरोबर समजतं."

"आणि वय?"

"वयाचं सोडा. तुम्ही स्वतः वाचून हसलात का, ते बघा."

"मी वाचणाऱ्यातला नाही हो, मावशी."

"मग व्हा!" मावशी म्हणाल्या.

आणि तो खरंच झाला. रोज कामावरून सुटला की यायचा, एक पुस्तक न्यायचा, एक परत आणायचा. ओळीखाली बोट धरून वाचायचा. "यातला जादूगार फारच हुशार आहे." "यात सगळे एकमेकांना जाड्या म्हणतात, तिला आवडणार नाही." "हे चांगलं होतं, पण शेवटी गाढवाला कुणी विचारतच नाही." मावशी मान डोलवायच्या. मला त्या माणसाचं कौतुक वाटायला लागलं होतं, आणि काळजीही, कारण महिना सरत चालला होता.

शेवटी त्याच्या हाताला ते पुस्तक लागलं. तीन डोक्यांचा एक राक्षस शहरात भाड्याने खोली शोधत फिरतो, अशी गोष्ट. तो माझ्यावर बसूनच वाचत होता. घरमालकीण विचारते, माणसं किती? राक्षस म्हणतो, एकच. मालकीण म्हणते, डोकी तीन दिसतायत, भाडं तिघांचं पडेल. राक्षस कळवळून म्हणतो, अहो, पण पोट एकच आहे! मालकीण म्हणते, मला पोटाशी काय करायचंय, बडबड तीन तोंडांची होणार ना? आणि रात्री दहानंतर डरकाळ्या चालणार नाहीत. त्यावर मधलं डोकं म्हणतं, मी घोरतो, ते चालेल का?

बाप हसला. आधी नाकातून, मग तोंडाने, मग सगळ्या अंगाने. आणि अर्थातच मी कुरकुरले, कुर्र-कुर्र-कुर्र! मीही किती दिवसांनी मोकळी झाले होते.

त्याचं हसू थांबलं. त्याने खाली वाकून माझ्या पायाकडे पाहिलं आणि बोटाने तो हलवून बघितला.

मित्रांनो, या माणसाचा धंदा लक्षात घ्या. लिफ्ट आवाज करायला लागली की याला बोलावतात. आवाज बंद झाला की काम झालं, पैसे मिळाले. आवाज म्हणजे बिघाड, एवढंच तो आयुष्यभर शिकला होता. मुलीची आई मावशींजवळ एकदा म्हणाली होती, "आमच्यात काही बिनसलं की हा बोलायचा नाही, नळ दुरुस्त करत बसायचा."

"मावशी, ही कुरकुरते," तो म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. "असू दे, असू दे," म्हणत मावशींनी फोन उचलला आणि विषय तिथेच राहिला. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली.

भेटीच्या दिवशी सकाळी दुकान उघडताच तो हजर झाला. मावशी मागच्या खोलीत नव्या पुस्तकांचे गठ्ठे सोडत होत्या. त्याने पिशवी उघडली, मला उचललं आणि चक्क उलटं केलं. म्हाताऱ्या माणसाला असं उलटं करतात का कुणी! त्याने माझ्या खोबणीतली धूळ फुंकली, लाकूड चिकटवायचा सरस ओतला आणि लाकडाची एक बारीक पाचर हलक्या हाताने ठोकून बसवली. काम इतकं सफाईदार की मला घडवणाऱ्या सुतारानेही मान खाली घातली असती. "मावशींनी आपल्यासाठी एवढं केलं," तो माझ्याशीच बोलत होता, "आपणही काहीतरी करायला हवं." त्याने माझ्या बैठकीवरून हात फिरवला. त्या हातात माया होती, म्हणून तर मला जास्त भीती वाटली.

दुपारपर्यंत सरस दगडासारखा वाळला. मी हलून पाहिलं. काही नाही. मी मुकी झाले होते.

मुलगी यायच्या आधी मावशींनी बापाला गल्ल्याजवळ बोलावलं. "तुम्ही तिच्यासमोर उभे राहू नका. त्या पलीकडच्या फळीमागे थांबा आणि माझ्याकडे बघा. पुस्तक तिला आवडलं की मी चष्मा डोक्यावर सरकवीन. मग बिनधास्त पुढे या."

"तुम्हाला कसं कळणार?"

"ते माझ्यावर सोडा."

मी ओरडून सांगणार होते, अहो मावशी, माझा पाय! पण ओरडणार कशी? माझा आवाज त्या पाचरीखाली अडकला होता.

घंटा वाजली. मुलगी आली. मामा या वेळी फुटपाथवर बसला नाही, दाराच्या आतच उभा राहिला. बापाने पुस्तक तिच्या हातात दिलं. "खारू, हे बघ. मी वाचलंय. सगळं."

"तू?" ती म्हणाली. क्षणभर तिने वर पाहिलं. मग माझ्यावर बसली आणि मधलं पान उघडलं.

बाप फळीमागे गेला. मावशींनी पाठ फिरवली. दुकानात पंख्याचा तेवढा आवाज होता.

घरमालकीण म्हणाली, माणसं किती? मला मुलीच्या अंगातून पहिला झटका जाणवला. बारीकसा. पोट एकच आहे, राक्षस म्हणाला. दुसरा झटका. मग तिचं पोट थरथरायला लागलं, खांदे हलायला लागले, पण ओठ घट्ट मिटलेले, पुस्तक नाकापर्यंत वर धरलेलं. ती हसत होती हो! जीव खाऊन हसत होती, आवाज न करता! तिच्या दातांना नुकत्याच तारा बसवल्या होत्या. शाळेत कुणीतरी त्यावरून काहीतरी बोललं असणार. म्हणून ती ओठ उघडत नव्हती. तिच्या हसण्याचा पत्ता त्या दुकानात एकट्या मला होता, आणि माझंच तोंड बंद होतं.

मावशींचा चष्मा नाकावरच होता.

मी सगळा जोर तिसऱ्या पायात एकवटला. पाचर जागची हलली नाही. मुलीने पान उलटलं. आता तिन्ही डोकी एकाच उशीवरून भांडत होती. मुलगी गदगदत होती. मी मुकाट. मावशींच्या खांद्यांवरून मला दिसलं, त्यांनी मोठा निःश्वास सोडला. फळीच्या फटीतून बापाचा चेहरा दिसत होता. तो चष्म्याकडे बघत होता आणि चष्मा काही वर सरकत नव्हता.

मामाने घड्याळ पाहिलं आणि घसा खाकरला.

बाप फळीमागून बाहेर आला. तो तिच्याजवळ आला नाही, जरा लांबच उभा राहिला. "राहू दे, खारू," तो म्हणाला. "नाही आवडलं तर उगाच वाचू नकोस. मला जमत नाही हे. तू... तुला यायचं नसेल ना, तर नको येऊस. मी रागावणार नाही."

मुलीने पुस्तक खाली केलं. ओठ अजून मिटलेले. तिच्या डोळ्यांतलं हसू विझलं आणि तिथे पाणी आलं. तिला कळेना, हा असं का बोलतोय. मलाही वाटलं, आता संपलं सगळं.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. बसल्या बसल्या तिने मला एकदा इकडे, एकदा तिकडे हलवलं. पुन्हा हलवलं, जोरात.

"मावशी," ती म्हणाली, "ही कुरकुरत का नाहीये?"

मावशी गर्रकन वळल्या.

"मी कधीची हसतेय!" मुलीचा आवाज फुटला. "मला वाटलं, तुम्हाला ऐकू जातंय. ही सांगते ना नेहमी! मला वाटलं, ही सांगेल."

मावशी धावत आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि माझा पाय चाचपला. त्यांच्या बोटाला पाचर लागली. "अगं बाई! हिला कुणी मुकी केली?"

मग बापाने शाळेत उभं केल्यासारखा हात अर्धा वर केला. "मी. ती कुरकुरत होती. म्हणून मी... दुरुस्त केली."

मुलीने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या पिशवीकडे पाहिलं. माझ्या पायाकडे पाहिलं. "बाबा," ती म्हणाली, "तू ही पण दुरुस्त केलीस?"

आणि ती हसली. तोंड उघडून, सगळ्या तारा दाखवत, पोट धरून हसली. बाप बावळटासारखा उभा होता आणि तिच्या दातांकडे बघत होता. "तारा कधी बसवल्या?" त्याने विचारलं, आणि ती आणखीच हसली. माझ्यातून एक कुर्र निघाली नाही, पण आता तिची गरजही नव्हती. मावशींनी चष्मा काढला, पुसला आणि डोक्यावर चढवला.

"मग काय ठरलं?" मामाने विचारलं. "पुढच्या महिन्याचं?"

मुलीने पुस्तकात बोट घालून ते मिटलं. "यावंच लागेल ना. बाबाला हिला परत बिघडवायचंय. मी नसले तर तो आणखी काहीतरी दुरुस्त करेल."

"बरं," मामा म्हणाला. दारापाशी जाऊन तो थांबला. "येतो, भाऊजी."

पुढच्या महिन्यात पाचर काढायला त्याला फार घाम गाळावा लागला. स्वतःचंच चांगलं काम बिघडवणं सोपं नसतं. मुलगी माझा पाय धरून बसली होती आणि सारख्या सूचना करत होती. एकदाची पाचर निघाली. त्याने ती टाकली नाही, खिशात ठेवली. मग मुलगी म्हणाली, "आता तू बस. मी वाचते. तिन्ही डोक्यांचे आवाज मी काढणार, मालकीणबाईचा तू काढायचा." तो बसला. थोड्याच वेळात मी कुरकुरले. मावशी गल्ल्यावर पाठ करून उभ्या होत्या.

मित्रांनो, आम्हा वस्तूंची काळजी घ्या. बुटाने चढू नका, पाण्यात भिजवू नका, नवी शिडी आली म्हणून दारामागे टाकू नका. आणि आमच्यातली एखादी कुरकुरायला लागली, तर पाचर शोधण्याआधी जरा ऐका. घरातलं एखादं मूल ओठ मिटून बसलं असेल, तर त्याच्याजवळही तसंच थोडा वेळ बसा. जवळ एखादं हसवणारं पुस्तक असू द्या, आधी स्वतः वाचलेलं.

कधी इकडे आलात तर माझ्यावर जरूर बसा. फक्त सांभाळून, माझा तिसरा पाय अजून सैल आहे.